सावलीचा सातबारा

डहाणू रोडला पश्चिमेला उतरून किनाऱ्याच्या दिशेने गेलं की पारनाका लागतो. पार म्हटला की मराठी माणसाला आधी झाड आठवतं, मग बुंध्याभोवतीचा ओटा, मग त्यावर टेकलेली माणसं. आसपासच्या गावांची नावंही कानाला झाडांसारखीच लागतात: चिंचणी, करजगाव, सीमेपलीकडचं उंबरगाव.

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीला जाऊन पाहावं. एका अंगाला समुद्र आणि सुरूची झाडं, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. वाडीच्या कुंपणाला लागून रस्ता गेला की हवेत फरक पडतो, आणि तो कळायला थर्मामीटर लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी चारोटीवरून महामार्गाने तलासरी गाठावी. या बाजूला झाडं कमी आहेत असं नाही. टेकड्यांवर साग आहे, ऐन आहे, पळस आहे. पण साग ऐन उन्हाळ्यात पानं टाकून उभा असतो. झाडं मोजायला गेलात तर पूर्वेकडची भरतील. डोक्यावर छत्र मात्र पश्चिमेला मिळेल, कारण चिकू बाराही महिने पानांत असतो आणि त्याचा घेर खालपर्यंत उतरलेला असतो.

झाडं मोजायची आपली सवय अशी फसते. मोजायची असते सावली.

सावली गारवा कसा देते, हे वरवर सोपं वाटतं. एक तर ऊन पानांवर अडतं, डांबरावर आणि भिंतींवर पडत नाही. डांबर आणि काँक्रीट दिवसभर उष्णता पितात आणि रात्री सावकाश ओकतात, त्यामुळे उघड्या वस्तीत रात्री नऊलाही भिंतीला हात लावला की ती कोमट लागते. दुसरं म्हणजे पानं पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेबरोबर भोवतालची उष्णता जाते, माठातलं पाणी गार होतं तसंच. पण माठ कोरड्या हवेत चांगला काम करतो. किनाऱ्यावर हवेतच एवढा दमटपणा असतो की मे-जूनमध्ये माठही कंटाळतो. म्हणून विदर्भात झाडाच्या बाष्पाचा जेवढा उपयोग, तेवढा डहाणूत होत नाही. इथे ऊन अडवणं हेच झाडाचं मोठं काम, आणि ऊन अडवायला लागतो तो रुंद, दाट घेर. शोभेची उंच सडपातळ झाडं रांगेने लावून फोटो चांगला येतो, पण त्यांच्या सावलीत एक हातगाडीसुद्धा मावत नाही.

आता थोडं गणित. जुन्या विलायती शिरीषाचा, ज्याला आपण रेन ट्री म्हणतो, घेर आरपार सहज वीस मीटरचा असतो. त्याच्याखाली सावली पडते सुमारे ३१४ चौरस मीटर. नवं लावलेलं रोप जगलं, हात-दोन हात वाढलं, त्याचा घेर एक मीटर झाला असं धरू. त्याची सावली पाऊण चौरस मीटरच्या थोडी वर. म्हणजे एका म्हाताऱ्या झाडाची सावली भरून काढायला अशी चारशे रोपं लागतील. घेर दुप्पट झाला की सावली चौपट होते, आणि घेर वाढायला वर्षं लागतात. पैसे टाकून रोपं विकत मिळतात, वर्षं मिळत नाहीत.

महाराष्ट्राच्या कायद्याला हे काही अंशी कळलेलं आहे. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम आहे. महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत तो लागू होतो, आणि खासगी आवारातलं झाडही त्यातून सुटत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. वृक्ष अधिकारी, वृक्ष प्राधिकरण, दर पाच वर्षांनी वृक्षगणना, हे सगळं त्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात 'हेरिटेज ट्री' आला: पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड. कुठलंही झाड तोडायचं असेल तर त्याचं जेवढं वय, तेवढी रोपं लावायची, रोप किमान सहा ते आठ फुटांचं असावं, त्याचं जिओ-टॅगिंग करावं आणि सात वर्षं निगा राखावी. एकास दोन, एकास पाच असल्या ठोक हिशेबापेक्षा हे नक्कीच शहाणपणाचं आहे, कारण वयाला पहिल्यांदा किंमत आली.

तरी वरचं गणित इथे लावून पाहा. साठ वर्षांच्या शिरीषामागे साठ रोपं. साठच्या साठ जगली, तरी पहिली काही वर्षं त्यांची सावली मिळून सत्तेचाळीस चौरस मीटर, म्हणजे गेलेल्या सावलीचा जेमतेम सातवा हिस्सा. आणि ती लागणार कुठे? बाजारपेठेच्या रस्त्यावर साठ खड्ड्यांना जागा कोण देणार? ती लागतात गावाबाहेरच्या एखाद्या मोकळ्या तुकड्यावर. भाजीवालीच्या डोक्यावरची सावली गेली आणि माळरानाला मिळाली, कागदावर मात्र जमा-खर्च जुळला. राज्यात २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचा संकल्प झाला होता. त्या आकड्याची चर्चा झाली, वाद झाले. त्यातल्या रोपांनी किती सावली दिली हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

बाहेरच्या जगात हा हिशेब बदलतो आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराने २०१२ मध्ये ठरवलं की २०४० पर्यंत सार्वजनिक जागेचा चाळीस टक्के भाग झाडांच्या छत्राखाली आणायचा. उद्दिष्ट छत्राचं आहे, रोपांच्या संख्येचं नाही. नेदरलँड्सचे वनतज्ज्ञ सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये एक सुटसुटीत कसोटी मांडली: प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर तीस टक्के छत्र असावं, आणि तीनशे मीटरच्या आत एखादी हिरवी जागा असावी. डहाणूच्या इराणी रोडला किंवा तलासरी नाक्यावर राहणाऱ्याने आज खिडकीतून डोकावून पहिली अट तपासावी. बऱ्याच जणांना तीन झाडं दिसतील. त्यातली किती स्वतःच्या किंवा नगरपरिषदेच्या मालकीची आणि किती शेजारच्या वाडीवाल्याची, हेही पाहावं.

कारण डहाणूची खरी गोष्ट तिथे आहे. इथलं छत्र वाड्यांनी धरलं आहे. विसाव्या शतकात इराणी आणि पारशी कुटुंबांनी घोलवड-बोर्डी-डहाणू पट्ट्यात चिकू वाढवला. मूळचं हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. इथल्या मातीला आणि खाऱ्या वाऱ्याला ते असं मानवलं की २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन मिळालं. फळाबद्दल बोललं जातं, झाडाबद्दल फारसं नाही. पन्नास-साठ वर्षांची चिकूची वाडी म्हणजे बाराही महिने बंद न होणारी मोठी छत्री असते. तिच्यात झाडांखाली पालापाचोळा साचतो, जमीन भुसभुशीत राहते, पावसाचं पाणी वाहून न जाता मुरतं. त्या पाण्यावर विहिरी टिकतात. वाडीच्या कडेने जाणाऱ्या शाळकरी मुलाला, रिक्षावाल्याला, डोक्यावर पाटी घेतलेल्या मासळीवालीला जी सावली मिळते, तिचा सातबारा वाडीवाल्याच्या नावावर आहे आणि भाडं कुणीच देत नाही.

ही छत्री आजवर टिकली, त्यामागे चिकूच्या भावाइतकाच एक सरकारी कागद आहे. २० जून १९९१ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. तेव्हा इथे पाचशे मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र येऊ घातलं होतं आणि त्यामागून कारखान्यांची रांग लागेल अशी रास्त भीती होती. अधिसूचनेने उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी अशी वर्गवारी केली, तालुक्यातल्या सगळ्या उद्योगांना मिळून पाचशे एकरांची मर्यादा घातली आणि तालुक्याभोवती पंचवीस किलोमीटरचा पट्टा राखायला सांगितलं. मला त्यातली सगळ्यांत मोलाची वाटते ती वेगळी ओळ. तालुक्याचा आराखडा करताना हिरवे भाग, फळबागा आणि आदिवासी क्षेत्रं स्पष्ट आखावीत, आणि त्यांचा जमीन-वापर बदलू देऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. जंगल राखा असं सांगणारे कायदे पुष्कळ आहेत. खासगी फळबागही गावाच्या श्वासाचा भाग आहे, हे सरकारी भाषेत लिहिलेलं मी फार ठिकाणी वाचलेलं नाही.

लिहिलेलं पाळलं जातंच असं नाही. अधिसूचना धूळ खात पडू नये म्हणून 'सँक्चुअरी' मासिकाचे संपादक बिट्टू सहगल १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. नर्गिस इराणींसारख्या स्थानिक बागायतदारांनी त्याआधीपासून लढा धरलेला होता. न्यायालयाने नागपूरच्या 'नीरी' संस्थेकडून पाहणी करवली आणि ३१ ऑक्टोबर १९९६ ला आदेश दिला. त्यातून १९ डिसेंबर १९९६ ला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. २०१९ च्या जानेवारीत ते गेले, तोवर दोन दशकांहून जास्त काळ हे काम त्यांच्याकडे होतं. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव फेटाळला. १९९९ मध्ये वीज केंद्राला धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. ती बसली २००७ मध्ये, तीही तीनशे कोटींच्या बँक हमीचा बडगा दाखवल्यावर. गंधकाचा धूर पानांवर काय करतो हे बागायतदारांना पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पण या कवचाला दोन भोकं आहेत. प्राधिकरणाची नजर असते चिमणीवर, बंदरावर, मोठ्या प्रकल्पावर. गल्लीतला शिरीष, शाळेच्या आवारातला आंबा, नाक्यावरचा वड या गोष्टी नगरपरिषदेच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या. आणि दुसरं, कारखान्याला आडकाठी करणाऱ्या कागदाने वाडीवाल्याच्या खिशात पैसे पडत नाहीत. चिकूला फळगळ लागते, बी पोखरणारी अळी लागते, फळ काढायला माणूस मिळत नाही, काढलेलं फळ चार दिवसांत पिकून मऊ होतं. मुलं मुंबईला किंवा परदेशी. अशा वेळी दारात प्लॉट विचारणारा माणूस येतो, तेव्हा वाडीवाल्याला सावलीवर प्रवचन देण्याचा अधिकार कुणाला नाही.

तो माणूस यायला कारणंही वाढली आहेत. २०१३ च्या एप्रिलपासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग, विरार-डहाणू चौपदरी लोहमार्ग, बुलेट ट्रेन, सगळे याच पट्ट्याच्या अंगावरून जातात. बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे, पालघर मिळून सुमारे बावीस हजार तिवरं तोडायला उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. मूळ मागणी त्रेपन्न हजारांच्या वर होती. जे बंदर १९९८ मध्ये नाकारलं गेलं, त्यालाच ३१ जुलै २०२३ ला प्राधिकरणाने सशर्त हिरवा कंदील दाखवला. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला भूमिपूजन झालं. आता 'चौथी मुंबई' हा शब्द मंत्र्यांच्या भाषणांत येतो. पहिल्या मुंबईत एका रात्रीत झाडं कशी जातात, हे ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत दिसलं. दोन हजारांहून जास्त झाडं पडून गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. डहाणू-तलासरीसारखे आरेतही वारली आदिवासींचे पाडे आहेत, हा योगायोग म्हणायचा की काय, वाचकांनी ठरवावं.

बंदर होऊ नये की व्हावं, यावर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं म्हणणं ठाम आहे आणि ते त्यांनी वेळोवेळी रस्त्यावर येऊन मांडलं आहे. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा. बंदर झालं तर माणसं येतील, माणसांना घरं लागतील, आणि घरांना सगळ्यांत सोयीची जमीन म्हणजे रस्त्याकडेची, सपाट, पाणी असलेली वाडी. छत्र तिथूनच जाईल. म्हणून वाड्या वाचवायच्या तर वाडी परवडली पाहिजे. बोर्डीला चिकू महोत्सव भरतो, वाडीत मुक्कामाची सोय करणारे लोक वाढले आहेत, चिकूचे चिप्स आणि इतर पदार्थ होतात. हे सगळं दिसायला किरकोळ आहे, पण एका वाडीचं गणित यानेच तोट्यातून बरोबरीत येतं. नगरपरिषदेने हद्दीतल्या जुन्या वाडीला मालमत्ता करात सूट द्यावी, बांधकामाचा आराखडा मंजूर करताना जुनी झाडं धरून इमारत बसवणाऱ्याला आधी हात द्यावा, एवढं तर सहज करता येईल.

तलासरीची गोष्ट वेगळी आहे. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेलं, तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा कायद्याखाली ग्रामसभेचा शब्द इथे वजनाचा. गावांत शहरी वृक्ष कायदा लागत नाही. तिथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे, आणि तो काही ठरावीक जातींनाच कवच देतो: साग, खैर, ऐन, मोह, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, किंजळ, तिवर अशा सोळा. यादी वाचून पाहा. इमारती लाकडाचं झाड आहे, फळाचं आहे, औषधाचं आहे. वड नाही, पिंपळ नाही, उंबर नाही. सावली हेच ज्यांचं पीक, त्यांना यादीत जागा मिळाली नाही. शिवाय आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरची झाडं विकण्यासाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. ठेकेदाराने दारू पाजून सागाची झाडं मातीमोल भावाने नेऊ नयेत म्हणून तो केला गेला. त्यामागचा अनुभव खरा होता.

या मुलखात कुऱ्हाड कुणाच्या हातात होती आणि फायदा कुणाच्या, हे विसरून झाडांवर बोलणं खोटं ठरेल. जंगल ठेकेदारांसाठी झाडं तोडायचे वारलीच, वेठीने किंवा नाममात्र मजुरीवर. २३ मे १९४५ ला आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी वारल्यांची परिषद घेतली आणि वेठबिगार बंद झाली. पुढच्या संपांत गवतकापणीबरोबर जंगलकामही बंद पडलं होतं. आपल्याच डोंगरावरचं झाड तोडायचं नाकारणं हा तेव्हा मजुरीचा लढा होता. 'आदिवासी जंगल तोडतात' असं शहरातला माणूस सहज बोलतो, त्याने ही तारीख लक्षात ठेवावी.

वारल्यांच्या नजरेत झाड केवढं असतं, हे त्यांच्या चित्रांत दिसतं. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्र घराच्या भिंतीवरून कागदावर आणि जगात नेलं. त्या चित्रांत झाड बहुतेक वेळा माणसांहून कितीतरी मोठं असतं आणि त्याच्या फांद्यांत पाखरं, माकडं, माणसं सगळी सामावतात. चित्राबाहेरच्या झाडाचा मोठेपणाही एका संकटात कळला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांना भूकंपाचे धक्के बसू लागले. महिनोनमहिने हे चालू राहिलं. भिंतीखाली झोपायची भीती वाटून लोक बाहेर, अंगणात आणि तंबूत राहिले. थंडी निघून गेली, ऊन चढलं. उघड्यावर राहायची वेळ आलेल्या घराला अंगणातलं झाड म्हणजे काय असतं, हे त्या वर्षी ज्याच्या दारात झाड नव्हतं त्याला विचारावं.

आता उभ्या झाडांकडे येऊ. शहरातलं झाड कुऱ्हाडीने मरतं त्याहून जास्त वेळा गुदमरून मरतं. मुळं खूप खोल जातात असा समज आहे. खरं तर अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, वरून रोलर फिरवला की माती दगडासारखी होते आणि मुळं श्वास कोंडून सडतात. केबलसाठी, गटारासाठी, गॅसच्या नळीसाठी चर खणला की एका बाजूची मुळं कापली जातात. झाड त्याच दिवशी पडत नाही. दोन पावसाळे जातात, तिसऱ्यात वारा सुटला की ते रिक्षावर कोसळतं आणि मग 'धोकादायक झाड' म्हणून शेजारची चार झाडंही जातात. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायचा आदेश दिला. जुन्या पाराची आठवण इथे येते. त्यात दगडाच्या आत माती भरलेली असायची, पाणी झिरपायचं. आता पाराला सिमेंट आणि टाइल लावून, वर नेत्याचं नाव कोरून, झाडाचा गळा आवळला जातो.

सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड आठवतो. २०२० मध्ये महामार्गाच्या रुंदीकरणात तो जाणार होता. लोकांनी आरडाओरडा केला, रस्त्याची आखणी बदलली, वड वाचला. २०२२ मध्ये तो कोसळला. झाड वाचवणं म्हणजे बुंधा वाचवणं नव्हे. त्याच्या मुळांचा मुलूखही वाचवावा लागतो.

पावसाआधीची छाटणी हा आणखी एक घाव. तारांना लागणारी फांदी काढायलाच हवी, पण शेंडा उडवून आणि एकाच बाजूच्या फांद्या सपासप तोडून झाड लंगडं केलं जातं. कापलेल्या टोकांमधून पाणी आणि बुरशी आत शिरते. तारेखाली मुळात कांचनासारखी बेताची झाडं लावली तर ही कटकट बरीच कमी होते.

नवी लावायची तर काय आणि कशी? डहाणूला पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत उरकतो. पुढचे आठ महिने कोरडे. जुलैत थाटात लावलेलं रोप एप्रिलमध्ये पाण्यावाचून मरतं, आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात पुन्हा फोटो निघतो. खड्डा मेमध्ये काढून उन्हाने तापवावा, पहिल्या दमदार पावसानंतर रोप लावावं, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करावं, आणि डिसेंबर ते मे असे तीन उन्हाळे आठवड्याचं पाणी कोण घालणार याचं नाव आधी ठरवावं. शेळ्यांपासून रोप राखायला लावलेली लोखंडी जाळी चोरीला जाते, बोरीच्या काट्यांचं कुंपण जात नाही.

किनाऱ्याला करंज, उंडी, भेंड ही इथलीच झाडं खारं वारं सोसतात. सुरूने वाळू धरली हे खरं, पण तो बाहेरचा, आणि त्याच्या सुईसारख्या पानांच्या थराखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. नाक्यांवर आणि रुंद रस्त्यांवर चिंच, आंबा, शिरीष, उंबर. तलासरीकडे मोह आणि ऐन हवेतच, पण वस्तीत पाड्याच्या मध्यावर बाराही महिने पानांत राहणारं एक तरी मोठं झाड हवं. कोनोकार्पस मात्र टाळावा. झटपट हिरवी भिंत होते म्हणून तो नर्सऱ्यांत खपतो. आच्छाडच्या नाक्यापलीकडे, गुजरातमध्ये २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आली आहे. बियांसाठी लांब जायला नको. कुठलं झाड कधी फळतं, कुठल्या मोहाचं बी चांगलं, हे पाड्यावरच्या बायांना वन खात्याच्या नर्सरीइतकंच माहीत असतं. ते बी विकत घेऊन गावच्या बचतगटाकडून रोपं करवून घ्यावीत. बुंध्याचा घेर आणि सावली मोजायची वृक्षगणना शाळेच्या मुलांनाही करता येते: जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याभोवती दोरी, आणि भर दुपारी सावलीच्या कडेकडेने पावलं.

शेवटचं, कामाचं. नगरपरिषदेच्या हद्दीत झाड तोडायचं असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडाच्या बुंध्यावर ठळक जागी नोटीसही चिकटवावी लागते. परवानगी मिळाल्यावरसुद्धा पंधरा दिवस कुऱ्हाड लावता येत नाही. बुंध्यावर कागद दिसला तर तो जाहिरातीचा समजून पुढे जाऊ नका. थांबून वाचा, तारीख टिपून घ्या, आणि आक्षेपाचा अर्ज लेखी देऊन त्याची पोच घ्या.